मोरू हो म्हणाला

बोलतेय ती मी. इकडे या, तबेल्यामागच्या पडवीत, गवताच्या भाऱ्यांच्या आड. एक चाक निखळलेलं, टपाचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, तरी ओळखाल मला. माथेरानच्या स्टेशनाबाहेर झुकझुकगाडी आली की सगळ्यांच्या पुढे उभी असायची ती हातरिक्षा मीच.

माझा जन्म इथलाच. एका म्हाताऱ्या सुताराने सागवानी दांडे तासले, मुंबईहून आलेली चाकं बसवली आणि वेताची बैठक विणून घेतली. पहिल्या दिवशी मला लाल मातीवरून ओढत नेलं तेव्हा मी अशी काही कुरकुरले की सुतार स्वतःच ओशाळला. डोंगरावर मोटार येऊ देत नाहीत. ज्याला चालायचं नसतं त्याला घोडा, नाहीतर मी. माझा मालक एक हॉटेलवाला शेठ. तो माझ्यात कधी बसला नाही, पण संध्याकाळी मला पुसलंय की नाही हे मात्र न चुकता बघायचा.

मला ओढायला तीन माणसं लागतात. पुढे दांडा धरायला एक, मागून ढकलायला दोघं. उतारावर तेच दोघं मागे ओढून धरतात, नाहीतर बसलेला साहेब थेट दरीत. तिघांतला एक आला नाही तर उरलेल्या दोघांना त्या दिवशी काम नाही. दिवसही बुडाला आणि चूलही विझली.

माझ्या पुढे मोरू असायचा. पायथ्याच्या शेलू गावचा, भाताचं एक खाचर असलेला. मागे लडकू आणि शुक्रा, डोंगराच्या अंगावरच्या ठाकरवाडीतले. त्यांच्याकडे जमीन नव्हती. रान होतं, तेही सरकारचं. तिघं एकाच डब्यातली भाकरी खायचे आणि माझ्या सावलीत बसून एकमेकांची टर उडवायचे.

या रिक्षावाल्यांची एक खोड होती. बसलेला माणूस काहीही विचारो, उत्तर एकच, ‘हो जी.’ हवा छान आहे ना रे? हो जी. मुंबईपेक्षा इथंच बरं, काय? हो जी. मोरूने मुंबई जन्मात पाहिली नव्हती. पण चढावर श्वास पुरत नाही. नाही म्हटलं की मागोमाग कारण सांगावं लागतं. हो म्हटलं की साहेब खूश आणि आपण मोकळे. एकदा एका मडमेने विचारलं, तुला माझी टोपी आवडली का, तर मोरू मागे न बघताच हो जी म्हणाला. मागे लडकू आणि शुक्रा इतके हसले की माझं एक चाक चाकोरी सोडून खड्ड्यात गेलं.

मीही हसले होते तेव्हा. आता आठवलं की बरं वाटत नाही.

ते वर्ष लोकल बोर्डाच्या निवडणुकीचं होतं. थोडासा सारा भरणाऱ्यालाही यंदा मत आहे असं कळलं आणि मोरूचं नाव यादीत आलं. त्याला केवढं अप्रूप! त्याच्या आज्याने, बापाने कधी मत दिलं नव्हतं. शेलूकडून उभे होते बुधाजी, साधे शेतकरी, आणि त्यांचं मागणं एकच. ओढ्यावर साकव हवा, माणूस पायी पार होईल एवढा छोटा पूल. पावसाळ्यात तो ओढा असा फुगतो की गाव पलीकडे आणि नेरळचा दवाखाना अलीकडे. आदल्या वर्षी मोरूची बायको सोनुबाई तापाने फणफणलेली पोर घेऊन ओढ्याच्या काठावर बसून राहिली होती, पाणी ओसरेपर्यंत. पोर वाचली. पण त्यानंतर पाण्याचा आवाज वाढला की सोनुबाई दार लावून घ्यायची.

समोर नेरळचा एक लाकडाचा व्यापारी होता. त्याला आपल्या वखारीपर्यंत सडक हवी होती. बोर्डाची थैली केवढीशी, त्यात सडक तरी होणार नाहीतर साकव तरी.

आता रावसाहेबांचं सांगते. हे वकील, नेरळला त्यांचा बंगला. माणूस वाईट नव्हता. बसताना कधी आवाज चढवला नाही, उतरताना कधी घासाघीस केली नाही. एका सकाळी ते आपल्या मित्राबरोबर माझ्यात बसले आणि चढ सुरू झाला.

‘‘मागच्या खेपेला मतदान गुरुवारी ठेवलं होतं,’’ रावसाहेब म्हणत होते, ‘‘कारकून कचेरीत, मास्तर शाळेत, गिरणीतली माणसं मुंबईत. मत द्यायला यायचं कुणी? माझं म्हणणं, रविवारी ठेवा. सगळा समाज मोकळा असतो.’’

‘‘खेड्यातल्या लोकांना चालेल?’’ मित्राने विचारलं.

‘‘न चालायला काय झालं? यालाच विचारू. काय रे मोरू, मतदान रविवारी असलेलं बरं ना?’’

दोघांचं ओझं, समोर उभा चढ. मोरूची मान खाली, छाती भात्यासारखी हलत होती. ‘‘हो जी,’’ तो म्हणाला.

‘‘बघा!’’ रावसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘रिक्षावालेसुद्धा हेच म्हणतात.’’

मी तर ऐकत होते. मोरूने प्रश्न ऐकला की नाही, देव जाणे. आणि सुताराने मला घडवलंच असं की बसणाऱ्याला ओढणाऱ्याची पाठच दिसावी. रावसाहेबांना त्याचं तोंड दिसलं असतं तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं, असं मी मनाला सांगत असते.

पुढे काही दिवसांनी स्टेशनाबाहेर पोशा घोडेवाला तावातावाने आला. तोही शेलूचा, त्यालाही मत. ‘‘आयकलंस का रं मोरू? मतदान रविवारी ठेवलंय!’’

‘‘रविवारी?’’ मोरू दचकलाच.

‘‘रविवारीच. सगळी मुंबई डोंगरावर येती त्या दिशी. तू, मी, हमाल, हाटेलातली पोरं, शेलूची निम्मी मतं हितं वर आडकून पडणार. बुधाजीला मत देनार कोन, म्हशी? आनि वर काय म्हनत्यात ठावं हाय? रावसायबानी वरच्या सायबाला सांगितलं, मी सोता रिक्षावाल्यांना इचारलंय, त्यांना रविवारच पायजे.’’

मोरू माझा दांडा पुसायला लागला. तो दांडा आधीच पुसलेला होता.

‘‘कुनाला इचारलं रं? तुला इचारलं?’’

‘‘नाय,’’ मोरू म्हणाला.

हमाल, घोडेवाले, सगळ्यांना पोशाने हेच विचारलं. सगळे नाही म्हणाले आणि त्या न सापडलेल्या माणसाच्या नावाने बोटं मोडून मोकळे झाले. मोरूही त्यांच्यात उभा राहून मान हलवत होता. त्याच्या मनाला काय खात होतं ते त्या जमावात फक्त मला ठाऊक होतं. लडकू आणि शुक्रा तेव्हा स्टेशनामागे पाणी प्यायला गेले होते.

शनिवारी सोनुबाई दुधाचं भांडं घेऊन वर आली होती. ती मोरूला म्हणाली, ‘‘उद्या खाली यायचं बरं का तुमी. काय पन करा.’’

‘‘यीन गं.’’

‘‘यीन नाय. या.’’

रविवार उजाडला. लडकूने आपणहूनच विषय काढला. ‘‘तू जा रं मोरू. येक दिस नाय मिळालं काम तर मरत नाय आमी.’’

शुक्रा म्हणाला, ‘‘कंदं उकडून खाऊ. जा तू.’’

आपल्या एका होकारापायी या दोघांनी उपाशी राहायचं, हे मोरूच्या गळी उतरत नव्हतं. शेवटी त्याने तोड काढली. ‘‘पयली गाडी करतो तुमच्यासंगं. तेवढी भाकरी तुमची सुटंल. मग पायवाटेनं पळत सुटतो. दुपारपोत नेरळात.’’

गाडी आली. डब्यातून उतरले रावसाहेब, पांढरं उपरणं, चेहरा उजळलेला. ‘‘अरे मोरू! चल, तुझीच वाट बघत होतो. आज मोठा आनंदाचा दिवस. सकाळीच नेरळला मत टाकलं आणि वर आलो. शाळेत केवढी गर्दी! कचेरीवाले, गिरणीवाले, सगळे आलेत. तुझा तो भाऊ, गोमा, तोही भेटला रांगेत.’’

ते खरंच होतं. गोमा मुंबईच्या गिरणीत होता, रविवारचा घरी यायचा, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला मत देता आलं होतं. रविवार वाईट होता असं मी कशी म्हणू? गोमाला तो फळला.

हॉटेलाच्या दारात मोरू दांडा खाली ठेवणार, तोच रावसाहेब म्हणाले, ‘‘उतरत नाही मी. सामान ठेव आणि आपण कड्यावरची सगळी टोकं बघत जाऊ. आज सूर्यास्त बघूनच परतायचं.’’

मोरूने दांडा पुन्हा उचलला. लडकू मागून खाकरला. ‘बोल, सांग त्यांना,’ असं ते खाकरणं होतं. मोरूने मागे न बघता पाऊल टाकलं. चाललो.

त्या दिवशी मला एक करता आलं असतं. माझ्या डाव्या चाकाचा एक आरा कित्येक दिवस ढिला होता. नको तेव्हा मी अडून बसले आहे, भर पावसात मडमांना चिखलात उतरवलं आहे. त्या दिवशी तो आरा मोडला असता तर मोरू सुटला असता. पण त्या दिवशी मी अशी सुरळीत चालले की रावसाहेबांनी माझी तारीफ केली. ती मी आजही विसरलेले नाही.

वाटेत रावसाहेबांनी विचारलं, ‘‘तू दिलंस ना रे मत?’’

‘‘हो जी,’’ मोरू म्हणाला.

मागचा धक्का एकदम थांबला. लडकू आणि शुक्रा, दोघांचे हात माझ्यावरून निघाले. क्षणभर सगळं ओझं मोरूच्या एकट्याच्या खांद्यावर आलं, आणि मग हळूच पुन्हा ते हात लागले.

शेवटच्या टोकावर पोचलो तेव्हा खाली खोऱ्यात शेलूची भातखाचरं दिसत होती. रावसाहेब दगडावर बसून सूर्याकडे बघत राहिले. मोरू दुसरीकडे तोंड करून उभा होता.

निकाल लागला. बुधाजी पडले, आणि पडले तेही अगदी थोडक्यात. डोंगरावर अडकलेली माणसं खाली उतरली असती तर साकव झाला असता, हे लहान पोरानेही सांगितलं असतं. पोशा दिवसभर घोड्याशी भांडत होता. सोनुबाई दूध घेऊन आली, मोरूच्या हातात भांडं दिलं आणि निघून गेली. पावसाळा तोंडावर होता.

त्या दुपारी माझ्या आसाला तेल घालता घालता मोरूचा बांध फुटला. त्याने लडकू आणि शुक्राला सगळं सांगितलं.

‘‘मीच तो. मलाच इचारलं व्हतं रावसायबानी. चढावर व्हतो, हो म्हनून गेलो. पोशानं इचारलं तवा खोटं बोललो. साऱ्या गावाचा साकव माज्या तोंडानं गेला रं. शिव्या घाला मला.’’

लडकूने तेलाची वाटी मोरूच्या हातातून काढून घेतली, कारण ती सांडत होती.

‘‘शिव्या कशाला?’’ लडकू म्हणाला. ‘‘मी बी मागं व्हतोच की त्या दिशी. सायेब बोललेलं समदं आयकलं मी. मला वाटलं, आता आमाला इचारल. वाट बगत व्हतो.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काय? तुला तरी इचारलं, मोरू. आमाला ना कुनी वार इचारला, ना मत दिलं; सारा भरत नाय ना आमी. आमच्या वाडीच्या वाटंत बी त्योच वढा हाय.’’

मोरू खाली मातीत बसला. आपल्या चुकीपेक्षा मोठा अन्याय आपल्या मागेच रोज चालत होता आणि आपण कधी मान वळवून पाहिलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं असावं. तो रडला. लडकूने त्याला रडू दिलं आणि माझ्या आसाला तेल घालण्याचं काम स्वतः पुरं केलं.

त्यानंतर मी आणखी काही हंगाम चालले. मोरूने रावसाहेबांना पुढच्या खेपेला सगळं खरं सांगितलं, थांबून, दांडा खाली ठेवून. रावसाहेब शरमले. ‘‘मला सांगायचं होतंस रे,’’ एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी हॉटेलापर्यंत चालत गेले. मग शेठने नवी रिक्षा आणली आणि मी इथे आले. साकव अजून झालेला नाही. पाऊस वाढला की सोनुबाई अजून दार लावते.

तुम्ही शिकलेली माणसं आहात. मतदान गुरुवारी ठेवा, रविवारी ठेवा, हवं तर दोन दिवस ठेवा, नाहीतर ती पेटीच डोंगरावर घेऊन या. एकच वार सगळ्यांना मोकळा नसतो, एवढं मला चाकांनी शिकवलं आहे. पण ठरवायला बसाल तेव्हा माझं एक ऐका. ठाकरवाडीत जा आणि लडकूला विचारा. तो अजून वाट बघतोय.