चौथा संच

गुणाजी लालबागच्या एका गणपती कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. सीझन संपला की हात रिकामे. मग तो घरात खिडकीशी बसून परदेशातल्या शौकिनांसाठी बोटाएवढे शिशाचे सैनिक रंगवायचा.

यंदा वॉकर नावाच्या अमेरिकन म्हाताऱ्याने मोठं काम दिलं होतं. तिथल्या यादवी युद्धात त्याचे खापरपणजोबा दक्षिणेच्या बाजूने, व्हर्जिनियाच्या घोडदळाच्या एका रेजिमेंटमध्ये होते. ती एकच रेजिमेंट चार वर्षांत कशी बदलत गेली, ते त्याला चार संचांत हवं होतं.

इंग्रजी वाचायचं काम मुलीचं, अक्षदाचं. परळच्या ऑफिसातून ती दमून यायची आणि चहा घेता घेता वाचून सांगायची. पहिल्या वर्षी गावोगावचे गट जमले, प्रत्येकाने आपला घोडा आणला, आणि अशा दहा कंपन्यांची रेजिमेंट उभी राहिली. गुणाजीने तांबूस, काळे, तुकतुकीत घोडे रंगवले. दुसऱ्या वर्षी सगळ्याची फेरमांडणी झाली. शिपायांनी मतं देऊन जुने कप्तान घालवले, नवे नेमले. डगले विटले, खोगिरं शत्रूकडून हिसकावलेली आली.

तिसऱ्या संचापासून गुणाजीची मान धरायला लागली.

"घोडा मेला की दुसरा ज्याचा त्याने आणायचा," अक्षदा म्हणाली. "सरकार देत नव्हतं. नाही मिळाला तर पायदळात."

"म्हणजे घोडा गेला की नोकरी गेली," गुणाजी म्हणाला आणि घोड्याच्या बरगड्या ओढू लागला. चौथ्या संचात तर बरगड्याच होत्या. नाव तेच, निशाण तेच, माणसं मात्र निम्मीसुद्धा नाहीत. त्यातले कितीतरी पायीच.

एका संध्याकाळी त्याची बायको मालन कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली. वाकून बघत म्हणाली, "ह्या घोड्यांका चारो-पाणी कोण घालता?"

गुणाजीने ब्रश खाली ठेवला. अक्षदा फोनवर बराच वेळ वाचत राहिली.

"गुलाम, आई. बरेच शिपाई घरून येताना त्यांना सोबत घेऊन यायचे. जेवण रांधायला, घोडे सांभाळायला."

"मगे तो खंय आसा ह्यात?"

मालन घड्या उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी गुणाजीने पुट्टीचा एक माणूस घडवला. पाठीत वाकलेला, हातात चाऱ्याची पेंढी. त्याला त्या मरतुकड्या घोड्याशेजारी चिकटवला आणि फोटो पाठवले.

वॉकरचं उत्तर सकाळी आलं. काम अप्रतिम आहे, पण तो माणूस काढून टाका. तो रेजिमेंटमध्ये नव्हता.

"नव्हता कसा?" अक्षदा भडकली. "पप्पा, तुम्ही काढायचा नाही हां."

"अगं, मला संपवायचंय हे," गुणाजी म्हणाला. खरंच संपवायचं होतं. डोळे चुरचुरत होते, आणि दोन आठवड्यांनी कारखाना सुरू होणार होता. त्याने पातं घेऊन माणसाच्या पायाखाली घातलं. पुट्टी घट्ट धरली होती. जोर दिला असता तर पाय मोडले असते, पण माणूस निघाला असता. त्याने जोर दिला नाही. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पातं पुसून डब्यात टाकलं.

"लिही त्याला," तो अक्षदाला म्हणाला. "म्हणावं, चौथा हवा तर असाच मिळेल."

"अजून काय लिहू?"

"काही नको. मी पडतो जरा."

बरेच दिवस काहीच आलं नाही. मग एका ओळीचं उत्तर आलं: पहिले तीन पाठवा. गुणाजीने ते कापसात गुंडाळून खोक्यात भरले. अक्षदाने दादरच्या कुरियरवाल्याकडे नेऊन दिले. चौथा कपाटावर राहिला.

"वायट वाटता काय तुमका?" मालनने विचारलं.

"नाही गो. दमलो."

तिने त्याच्या मानेला तेल लावून दिलं. तो डोळे मिटून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा त्याने एक दिवस उशिरा येतो म्हणून कळवलं आणि दुपारपर्यंत झोपला.