शब्दकोशाचा पहारा

या, असं जरा पुढं सरकून बसा. मागच्या माणसाला टाळ ऐकू येतात, बोल निसटतात. आज सांगतो ते कुठल्या पोथीतलं नाही, निलंगा तालुक्यातल्या एका लहान गावच्या अभ्यासिकेतलं आहे. पण ऐकून उठाल तेव्हा मान थोडी ताठ झालेली असेल, एवढं कबूल करतो.

नागाबाईंनी जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश पदरानं पुसला, कपाळाला लावला आणि लुंबिनीच्या हातात दिला.

"दोन तास. खाली ठिवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पाय दुखले तर हिंड. पर बुक हातात आन् तोंड चालू."

उंबऱ्याबाहेर श्रीशैल उभा होता. तालुक्याच्या कार्यालयातला कंत्राटी लिपिक, तिशीतला, घामेजलेला. एका हातात नवं कुलूप, दुसऱ्या हातात पत्र. पत्रात लिहिलं होतं की वापर अत्यल्प असल्याने व निधी व्यपगत होत असल्याने सदर खोली रिकामी करून एकतीस मार्चला सायंकाळी पाचपूर्वी कुलूपबंद करावी.

पत्र मराठीत होतं, पण ते गावात कुणाला उलगडलं नव्हतं. सरपंचांनी दोनदा वाचून परत घडी घातली होती. व्यपगत म्हणजे काय, हे ते घेऊन आलेल्या श्रीशैललाही सांगता येईना. शेवटी लुंबिनीनंच सांगितलं. इंग्रजीत त्याला लॅप्स म्हणतात. ठरलेला पैसा वेळेत खर्च केला नाही की तो बुडतो. आपल्या खोलीचा पैसा आधी कुणी दिला नाही, आणि आता खर्च झाला नाही म्हणून बुडाला.

तिला हे ठाऊक होतं, कारण बँकेच्या परीक्षेसाठी तिचं इंग्रजी असल्याच शब्दांवर पोसलं होतं. अभ्यासिकेत एकच इंग्रजी पेपर यायचा. त्यातली अर्थसंकल्पाची पानं ती कापून भिंतीला चिकटवायची आणि अडलेल्या शब्दाला शब्दकोशात पेन्सिलीनं खूण करायची. डेफिसिट, तूट. अलोकेशन, वाटप. कर्टेल, छाटणे. कुठल्या खात्याला कात्री लागली, यावरून तिचे शब्द वाढत गेले. यंदा खूप वाढले.

नागाबाई तिथं झाडलोट करायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कीर्तनात एकदा ऐकलेला चरण त्या वर्षानं जसाच्या तसा म्हणत. तसेच हे शब्दही त्यांनी झाडता झाडता उचलले. दूधवाल्याला त्यांनी भर चौकात ऐकवलं होतं, की बाबा, तुझ्या चरवीत लई डेफिसिट हाय.

खोली गेली तर काय जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. लुंबिनीच्या घरी पत्र्याची एकच खोली आणि त्यात सात माणसं. परीक्षा एप्रिलच्या शेवटी. हा शेवटचा प्रयत्न, नाहीतर सोयरीक, असं वडिलांनी बोलून दाखवलं होतं.

म्हणून नागाबाईंनी पहारा लावला. सप्त्यात वीणा जशी सात दिवस जमिनीला टेकत नाही, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते आणि धरणारा उभा राहतो, तसा हा शब्दकोश. माणूस खोलीत असताना कुलूप लागत नाही. देवळातली वीणा लुंबिनीच्या वस्तीकडं कधी आली नव्हती. नागाबाईंनी पहिला पहारा तिलाच दिला, आणि देताना देवळाच्या दिशेनं एकदा बघून घेतलं.

"मावशी, हे काय करायलाव तुमी?" श्रीशैल म्हणाला. "मला पोलीस आणावा लागंल."

"आणा की. त्येंलाबी दोन तास देऊ."

पोरी हसल्या. श्रीशैल हसला नाही. तो लिंबाखाली जाऊन बसला.

तीन दिवस तो रोज सकाळच्या गाडीनं येत राहिला. उंबऱ्याशी उभा राही, आत बघे, परत लिंबाखाली जाई. चप्पल घालून आत यायला त्याचं मन होत नव्हतं आणि काढायचं कारण नव्हतं. आत कुणी ना कुणी उभं असेच. लुंबिनी, तिची मैत्रीण करिश्मा, भजनी मंडळातल्या बाया. बायांना वाचता येत नव्हतं. त्या शब्दकोश छातीशी धरून पाठ झालेले शब्द म्हणत, एकीनं शब्द घेतला की दुसरीनं अर्थाचं धृपद. कर्टेल, छाटणे. कर्टेल, छाटणे. बाहेर बसलेल्या श्रीशैलचा पाय नकळत ताल धरू लागला की तो उठून नळाकडं जाई.

दुसऱ्या दिवशी नागाबाईंनी त्याला भाकरी पाठवली. जेवता जेवता त्यानं करिश्माला सांगितलं, की त्याचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि या खेपेचा एकतीसलाच संपतो. पुढचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. आधी चावी जमा कर, मग सही, असं साहेब म्हणाले आहेत. घरी आई रत्नम्मा, तिची शुगरची गोळी, लहान मुलगी. करिश्मानं हे आत येऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी नागाबाईंनी भाकरीबरोबर ठेचाही दिला.

एकतीसला लुंबिनीची लातूरला सराव परीक्षा होती. मंडळातल्या बाया एका घरच्या बारशाला गेल्या होत्या. नागाबाई सकाळी अकरापासून उभ्या होत्या. करिश्मा एक वाजता येणार होती, पण निलंग्याहून निघालेली एसटी वाटेत बंद पडली. दोन वाजले, तीन वाजले. श्रीशैल उंबऱ्यावर होता. नागाबाईंचा आवाज बसला. त्यांनी भिंतीला एक हात टेकला, पण पुस्तक सोडलं नाही.

चार वाजायच्या सुमारास त्या दाराशी आल्या.

"सायेब, आता मला थांबवत न्हाई. परसाकडं जाऊन येते. तेवढं धरता का?"

त्यानं कुलपाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"मावशी, तुमाला ठावं हाय मी कामून आलोय."

"ठावं हाय की. टेबलावर ठिवायचं तर ठिवा. खोली मोकळीच हाय. मी काय बोलनार न्हाई."

त्यांनी शब्दकोश पुढं केला. तीन दिवस तो या घटकेचीच वाट बघत होता. रिकामी खोली, दाराला कडी, आवारात कुणी नाही.

श्रीशैलनं कुलूप खिडकीत ठेवलं. वाकून चपला काढल्या. उंबरा ओलांडून आत आला आणि दोन्ही हात पुढं केले. नागाबाईंनी पुस्तक दिलं, त्याच्या पायाला हात लावला, जसा वीणेकऱ्याच्या लावतात तसा, आणि मागं न बघता निघाल्या.

मग त्यानं पान उघडलं आणि पेन्सिलीची खूण असलेला शब्द शोधला. रिट्रेंचमेंट, नोकरकपात. पहिल्यांदा शाळेत मास्तरांनी उभं केल्यासारखा, खालच्या आवाजात वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो बाहेर लिंबापर्यंत ऐकू गेला.

करिश्मा पोचली तेव्हा पावणेसहा झाले होते. नागाबाई पायरीवर चहा पीत बसल्या होत्या आणि आत श्रीशैलसाहेब येरझाऱ्या घालत शब्द म्हणत होते. तिनं पुस्तक घेतलं तेव्हा त्याच्या हातांना मुंग्या आल्या होत्या, बोटं सरळ होईनात. त्याच बोटांनी त्यानं तिथंच अहवाल लिहिला. तीन दिवस पाहणी केली. खोली एकदाही रिकामी आढळली नाही. वापर अत्यल्प नाही.

खोली अजून उघडी आहे. नव्या वर्षाचं नवं पत्र येईल तेव्हा येईल, पहारेकरी तयार आहेत. एप्रिलच्या शेवटी लुंबिनी परीक्षेला बसली. नागाबाईंना परवाच्या सप्त्यात महाराजांनी हार घातला.

श्रीशैलच्या कागदावर सही झाली नाही. हल्ली तो उदगीरला एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. नागाबाईंचं नाव गाव घेईलच, त्याची काळजी नाही. तुम्ही मात्र घरी गेल्यावर, देवापुढं हात जोडाल तेव्हा, त्या अनवाणी उभ्या राहिलेल्या लिपिकाची एकदा आठवण काढा.