सव्वीस नंबरचा मेंदू

मोहने गावच्या आमच्या प्राथमिक शाळेत पालकसभेला बारा माणसं आली, तरी आम्ही इतिवृत्तात ‘भरघोस प्रतिसाद’ लिहितो. त्या शनिवारी तीनशे आलेली. सतरंज्या पुरल्या नाहीत म्हणून माणसं आपापल्या चपलांवर बसलेली, आंबिवली स्टेशनाकडून रिक्षा भरभरून येतच होत्या. मुलांच्या अभ्यासासाठी आलेली म्हणावीत, तर तसं नव्हतं. चमत्कार बघायला आलेली.

व्यासपीठावर झेंडूच्या माळा घातलेल्या खुर्चीत मितेशगुरुजी बसलेले. मुलांकडे पाठ, डोळ्यांवर सात पदरी काळी पट्टी, डोक्याला कान झाकणारा भगवा फेटा. त्यांच्या पाठीमागे माझ्या तिसरीच्या वर्गातली चाळीस मुलं छातीशी एकेक चौकोनी पुठ्ठा धरून उभी. त्या पुठ्ठ्याला म्हणायचं बुद्धियंत्र. मधोमध काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी आणि चार कडांना तांदळाच्या दाण्याएवढी चार चित्रं: सूर्य, कमळ, शंख, दिवा. प्रत्येकाने मनात एक चित्र धरायचं, ती कड वर करायची आणि गप्प उभं राहायचं. वीस फुटांवरून ती चित्रं डोळसाला दिसणार नाहीत, मग पाठ फिरवलेल्या आणि पट्टी बांधलेल्या माणसाला कुठून दिसणार?

गुरुजींच्या सहकारी भाविकाताई मोबाइलवर मुलांचं शूटिंग करून खाली मांडी घालून बसल्या आणि ओठातल्या ओठात जप पुटपुटू लागल्या. गुरुजींनी हात वर केला.

“रत्नदीप, बाळा, तुझ्या मनात कमळ उमललंय.”

रत्नदीपने पुठ्ठा बघितला. कमळच. मग प्राप्तीचा शंख, सुशांतचा सूर्य. एकही चूक नाही. बरं, नावंसुद्धा अचूक! ही मुलं जूनपासून माझ्या वर्गात आहेत, तरी मी अजून दोघांना एकमेकांच्या नावाने हाका मारतो, आणि या माणसाने त्यांना कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मीही टाळ्या वाजवल्या, कबूल करतो. माझं नाव भगवान, पण देवधर्मावर माझा काडीचा विश्वास नाही हे अख्ख्या मोहन्याला ठाऊक आहे. गुरुजी देवाचं नाव घेतच नव्हते ना! ते म्हणत होते क्वांटम, म्हणत होते अल्फा लहरी, मेंदूच्या बहात्तर हजार नाड्या आणि त्यातल्या एकाहत्तर हजार बंद. कुणी मोजल्या, हे विचारायचं मला सुचलं नाही. साधूचा बुवा मी ओळखतो. सायन्सचा बुवा पहिल्यांदाच भेटलेला.

छत्तीस मुलांची मनं वाचून झाल्यावर गुरुजी थांबले. चेहरा दुःखी केला.

“चार बाळांच्या मनात मला अंधार दिसतोय. त्यातल्या सान्वीचा मेंदू तर पूर्ण झाकलेला आहे. लहरी बाहेरच येत नाहीत.”

माइकवरून बोलले हो, तीनशे माणसांसमोर. सान्वी आठ वर्षांची. तिचा बाप उल्हास नदीत मासेमारी करतो, आजी केशरबाई मोहन्याच्या बाजारात मासळी विकते. मी प्रश्न पुरता विचारायच्या आत हात वर करणारी ही पोरगी, पुठ्ठा छातीशी धरून तशीच उभी राहिली. आजूबाजूची मुलं अंग चोरून जरा लांब सरकली.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष दामाजीशेठ यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या शनिवारी बंद मेंदू उघडण्याचा सोहळा होईल. शाळेतली उपक्रमांची खोली रिकामी करून तिथे वर्षभर बुद्धियंत्र केंद्र चालेल, आणि तोवर चार बंद मुलांना वेगळ्या बाकावर बसवावं, बाकीच्यांच्या लहरी बिघडायला नकोत. मी त्यांना वेगळ्या बाकावर बसवलं. हो, मीच. वरून आदेश आला की आमचा कणा पीटीच्या तासाला वाकतो त्याहून जास्त वाकतो.

सोमवारी मी सातचा पाढा विचारला. सान्वीला तो झोपेतही येतो. हात वर नाही. मी नाव घेऊन विचारलं, तर म्हणाली, “सर, मला नाही येणार. माझा बंद आहे.” एवढंच बोलून ती बाकाकडे बघत बसली. मंगळवारी तिने वहीच काढली नाही. बुधवारी शाळेत आलीच नाही.

गुरुवारी केशरबाई आली. डोक्यावरची मासळीची पाटी शाळेच्या पायरीवर ठेवली आणि सरळ शिक्षकांच्या खोलीत.

“मास्तर, पोरीचा नाव काडा शालंतून. मेंदूच बंद हाय तं हितं येऊन काय करल? माजे बाजूला पाटीवर बसल.”

तेव्हा खोलीत मृणालबाई होत्या. दुसरीचा वर्ग त्यांचा. बाटल्यांच्या झाकणांनी बेरजा शिकव, सावल्यांची नाटकं बसव, मोबाइल घेऊन मुलांशी खेळ, असले उद्योग त्या उपक्रमांच्या खोलीत करत असतात. सत्तावीस वर्षांच्या नोकरीच्या तोऱ्यात मी त्यांना ‘खेळणीवाल्या बाई’ म्हणायचो. चमत्काराच्या दिवशी त्या ठाण्याला प्रशिक्षणाला गेलेल्या, त्यामुळे त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी केशरबाईला पाणी दिलं आणि ते यंत्र बघायला मागितलं.

केशरबाईने कमरेच्या पिशवीतून पुठ्ठा काढला. नक्षीच्या बरोबर मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा, त्यावर हळद, कडेला अक्षता चिकटलेल्या. त्याचं असं झालेलं, की यंत्रं मुलांना आठ दिवस आधीच देऊन देव्हाऱ्यात ठेवायला सांगितलेलं. सोबत नियम होते: नक्षीवर बोट ठेवायचं नाही, प्लास्टिकमध्ये घालायचं नाही, घडी घालायची नाही, हळदकुंकू यंत्रासमोर वाहायचं, यंत्रावर लावायचं नाही. आणखी तीन घरं अशीच चुकली, बाकीच्यांनी नियम पाळले.

“मना वाटला, देव हाय तं त्याला कुकवाबिगर कसा ठेवायचा?” केशरबाई म्हणाली. “रोज लावला. माजेच हातान पोरीचा वाटोला झाला.”

आणि ती रडायला लागली. बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई, शिक्षकांच्या खोलीत स्टुलावर बसून रडत होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

मृणालबाई मात्र ते नियम बोटांवर मोजत होत्या. मोजता मोजता हसायला लागल्या. मग त्यांनी मला विचारलं की मुलांच्या नावांची यादी बाहेरच्या कुणाला दिलेली का. मी म्हटलं, भाविकाताईंना दिलेली, हजेरी क्रमांकासकट. प्रमाणपत्रं छापायची आहेत म्हणाल्या. पुठ्ठेसुद्धा त्यांनी हजेरीच्या क्रमानेच वाटलेले. सान्वीचा क्रमांक सव्वीस.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळी शाळा जाणते, म्हणून बाईंनी मला आणखी काही सांगितलं नाही. केशरबाईला शनिवारपर्यंत थांबायची विनंती केली. मला एक काम दिलं: शनिवारी मुलांच्या रांगेत सान्वीच्या जागी शाळेचा खराटा उभा करायचा.

“खराटा?” मी विचारलं.

“हो सर. त्याचाही मेंदू तपासून घेऊ.”

शनिवारी गर्दी दुप्पट. पार दिवा स्टेशनाकडूनसुद्धा पालक आलेले. आपल्या शाळेतही असं केंद्र हवं म्हणून बघायला. चार बंद मुलांसाठी भाविकाताईंनी सकाळीच नवीकोरी ‘सिद्ध यंत्रं’ आणून दिली. जुन्या यंत्रात म्हणे अंधार साचलेला. सान्वीचं नवं यंत्र आम्ही खराट्याला बांधलं आणि तो मागच्या रांगेत खुर्चीवर ताठ उभा केला. सान्वी आजीच्या मांडीला चिकटून प्रेक्षकांत बसलेली.

गुरुजींनी पट्टी बांधली, पाठ फिरवली. तेवढ्यात मृणालबाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन दामाजीशेठपुढे उभ्या राहिल्या. आज पहिली पूजा अध्यक्षांच्या हातून, आणि तीही त्यांच्या नातवाच्या, धनेशच्या यंत्राची व्हावी, असं मोठ्या आदराने म्हणाल्या. शेठ फुलले. कोयरीत अंगठा बुडवून त्यांनी धनेशच्या यंत्रावर असा टिळा रेखला, की निम्मी नक्षी लाल झाली. भाविकाताई “अहो, नको, नको” म्हणत पुढे आल्या, पण टाळ्यांच्या गजरात कुणी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी घाईघाईने, फोनच्या पडद्यावरून नजर न हलवता शूटिंग केलं, मांडी घातली आणि जप सुरू केला.

गुरुजी भराभर नावं घेऊ लागले. कमळ, दिवा, शंख, सगळं अचूक. मग आवाज चढवला.

“आणि आता तो क्षण! सान्वी, बाळा, तुझे दरवाजे उघडले! एकाहत्तर हजार नाड्या झंकारल्या! तुझ्या मनात सूर्य उगवलाय!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढच्यांनी मान उंचावून सान्वी कुठे आहे ते बघितलं. खुर्चीवर खराटा, त्याच्या गळ्यात यंत्र, सूर्याची कड वर. टाळ्या एकेक करून थांबत गेल्या.

पट्टीमुळे गुरुजींना यातलं काही दिसत नव्हतं. ते रंगात आलेले. “पण एका बाळाचा मेंदू आज झाकलेला दिसतोय,” ते म्हणाले. “धनेश. पूर्ण अंधार.”

“काय?” दामाजीशेठ उभेच राहिले. “गेल्या शनिवारी तर माझ्या नातवात ऋषी दिसत होता तुम्हाला!”

मृणालबाईंनी माइक घेतला. आरडाओरड नाही, भाषण नाही. दुसरीच्या मुलांना सांगतात तसं सांगितलं. या पुठ्ठ्यांवरची नक्षी प्रत्येकावर वेगळी असते, गाडीच्या नंबरप्लेटसारखी. मोबाइलमधलं एक ॲप ती नक्षी ओळखतं, पुठ्ठ्याचा क्रमांक सांगतं आणि कोणती कड वर आहे तेही सांगतं. क्रमांकांपुढे मुलांची नावं भरून ठेवली, की पडद्यावर नाव आणि उत्तर दोन्ही येतं. भाविकाताई शूटिंग करत नव्हत्या, पुठ्ठे वाचत होत्या. जप करत नव्हत्या, दुसऱ्या फोनवरून ती यादी गुरुजींना सांगत होत्या. नक्षीवर बोट आलं, प्लास्टिकची चकाकी आली, घडी पडली, कुंकू लागलं, तर फोनला ती वाचता येत नाही. म्हणून ते चार नियम. हेच नियम त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेत, कारण ही कार्डं त्या जूनपासून वापरतायत. मुळात ती बनवलीच आहेत शिक्षकांसाठी, म्हणजे बुजऱ्या मुलालाही कुणी हसायच्या भीतीशिवाय उत्तर देता येतं.

“फोनला सान्वीचा पुठ्ठा वाचता आला नाही,” त्या म्हणाल्या. “आणि यांनी सांगितलं, पोरीचा मेंदू बंद आहे.”

शेठ व्यासपीठावर चढले आणि त्यांनी गुरुजींचा फेटा बाजूला केला. कानात शेंगदाण्याएवढा इअरबड. शेठनी तो माइकपुढे धरला, तर त्यातून भाविकाताईंचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला, कारण त्या घाबरून “आवरा, आवरा” म्हणत होत्या. गुरुजींनी शेवटचा प्रयत्न केला: खराट्याच्या स्पर्शाने यंत्र विटाळलं, अविश्वासाच्या लहरींनी क्वांटम बिघडला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की खराट्याला आता चौथीत घाला. पुढचं त्यांचं बोलणं हशात कुणाला ऐकूच आलं नाही.

मग मृणालबाईंनी सान्वीला वर बोलावलं. ती येईना. केशरबाईने तिला उचलून व्यासपीठावर ठेवलं. बाईंनी कपाटातली स्वतःची कार्डं मुलांना वाटली, स्वतःचा फोन सान्वीच्या हातात दिला आणि कसा फिरवायचा ते दाखवलं. पहिलं नाव तिने इतकं हळू वाचलं, की मलाच ऐकू आलं. दुसरं जरा मोठ्याने. दहाव्या नावापर्यंत तिचा आवाज पटांगणाच्या टोकाला पोचला. “धनेश, दिवा!” म्हणाली, तेव्हा दामाजीशेठच्या जिवात जीव आला. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस मनं तिने वाचली, पट्टी नाही, फेटा नाही. त्या दिवशी पोलीस आले, तक्रार लिहिली गेली. उपक्रमांची खोली बाईंकडेच राहिली.

गर्दी पांगल्यावर केशरबाई पाटी उचलायला आली. मी तिची माफी मागितली. म्हटलं, फसलो, चूक झाली. तिने उचललेली पाटी पुन्हा खाली ठेवली.

“मी अडानी, मास्तर. मी कुकू लावला,” ती म्हणाली. “तुमी शिकलेले. तुमी का नाय इचारला, कसा करतोस म्हनून?”

म्हणून तुम्हाला सांगतो. समोरचा देवाच्या नावाने बोलो की विज्ञानाच्या, संस्कृत झाडो की इंग्रजी, टाळी वाजवायच्या आधी एकदा उभं राहून विचारा: कसं केलं? पुन्हा करून दाखवाल का? माझ्या हातात देऊन बघाल का? खरं असेल तर त्याला या प्रश्नांनी काही होत नाही. आणि कुणी तुमच्या लेकराला सगळ्यांसमोर बंद म्हणालं, तर हे प्रश्न त्याच क्षणी विचारा. माझ्यासारखा आठवडा लावू नका. त्या आठवड्यात एक मूल स्वतःला बंद समजून बाकावर बसलेलं असतं.