भीमराजचा खांदा आणि मी

मी एक जुना लोखंडी दांडा आहे. लांबी सात फूट, वजन बरोबर वीस किलो. माझ्या दोन्ही टोकांना लोखंडी प्लेटी अडकवून माणसे मला उचलतात. कोणी मला रॉड म्हणते, कोणी बार. कुरुळी गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, उद्धवरावांच्या व्यायामशाळेत, मी पंचवीस वर्षे राहतो आहे. चाकणच्या कंपन्यांची शिफ्ट सुटली की आमच्या दारात बुटांची रास पडते.

मित्रांनो, माझा जन्म चिखलीला कादरभाईंच्या लेथ मशीनवर झाला. कादरभाई आणि उद्धवराव एकाच कंपनीत शिकाऊ उमेदवारी केलेले दोस्त. उद्धवरावांनी व्यायामशाळा काढायची ठरवली तेव्हा कादरभाई म्हणाले, "दांडा मी करतो. बाजारातला आणू नको." त्यांनी दोन दिवस खपून मला तासले, घासले. हात घसरू नये म्हणून माझ्या अंगावर बारीक खाचा पाडल्या. माझ्या टोकांत त्यांनी पितळी बुश, म्हणजे गोल फिरणाऱ्या नळ्या, बसवले. त्यामुळे मला उचलताना प्लेटी जागच्या जागी फिरतात आणि उचलणाऱ्याच्या मनगटाला पीळ बसत नाही.

पहिली बारा-तेरा वर्षे माझी मोठी भरभराटीची गेली. उद्धवराव सकाळी कंपनीच्या मशीन शॉपमध्ये काम करत आणि संध्याकाळी शिकवत. बीड, लातूर, जळगावहून आलेले कामगार माझ्याभोवती गोळा होत. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे. सगळे उद्धवरावांना वस्ताद म्हणत आणि त्यांचा शब्द खाली पडू देत नसत. वस्ताद मनाने चांगले होते, पण थांबणे त्यांना ठाऊक नव्हते. कालपेक्षा आज जास्त, एवढा एकच हिशेब त्यांच्याकडे होता.

भीमराज आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. बीडकडचा. एका कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर काम करायचा. त्याच्या हातात गेलो की मला स्वतःचे वजन जाणवतच नसे. वर्षभरात त्याने मला असे काही उचलले की वस्तादांच्या डोळ्यांत चाकणच्या वजन उचलण्याच्या स्पर्धेचे पदक चमकू लागले.

स्पर्धेला आठ दिवस उरले होते. भीमराज शिफ्टवरून थेट आला. ना हात-पाय मोकळे केले, ना हलक्या वजनाने सुरुवात केली. फक्त बेंचकडे जाताजाता म्हणाला, "वस्ताद, उजवा खांदा तीन आठवडे झाले ठसठसतोय."

"ठसठसणारच," वस्ताद म्हणाले. "लोखंड हाय, कापूस न्हाई. झोप बेंचवर."

माझ्यावर प्लेटी चढल्या. एकूण वजन एकशे दहा किलो झाले. भीमराजने मला एकदा छातीवर घेऊन वर ढकलले, दुसऱ्यांदा ढकलले. तिसऱ्यांदा मी अर्ध्यावर असताना त्याच्या खांद्यातून ओला कपडा फाटावा तसा आवाज आला. मी एका बाजूला कलंडलो. वस्तादांनी आणि त्या दिवशी सहज आलेल्या कादरभाईंनी मला दोन टोकांना धरून उचलले, म्हणून मी त्याच्या छातीवर पडलो नाही. पण भीमराजचा उजवा हात बेंचच्या कडेवरून खाली लोंबत होता आणि तो दातांवर दात दाबून छताकडे बघत होता.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी तेव्हा ओरडलो असतो. ज्या हाताने मला मान दिला, तोच हात मी निकामी केला, असे मला वाटत राहिले.

तीन आठवड्यांनी भीमराजची बायको दीपमाला व्यायामशाळेत आली. कडेवर दोन वर्षांची विजयश्री होती. सगळे व्यायाम थांबवून उभे राहिले.

"वस्ताद, पोरगी बापाकडं हात करती अन् हे तोंड फिरवतेत," ती म्हणाली. "डाव्या हातानं जेवतेत. कंपनीतनं निरोप आलाय, हात वर होत नसंल तर मशीनवर येऊ नको. मी भांडायला नाही आले. आता पुढं काय करावं, तेवढं सांगा."

वस्ताद माझ्यावरच्या प्लेटी एकेक करून उतरवू लागले. ती मुलीला सावरत निघून गेली. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी शेडला कुलूप लावले.

ते कुलूप आठ महिने निघाले नाही. पत्र्याला एक भोक होते. पावसाळाभर त्यातून माझ्या उजव्या टोकावर पाणी ठिबकले. माझ्या खाचांत गंज भरला, बुश आखडला. ज्या अंगाला रोज पन्नास हात लागत, त्याच्यावर कोळी जाळे विणू लागले. त्या काळात मी एकच गोष्ट शिकलो. मार बसून जेवढे मोडते, तेवढेच नुसते पडून राहूनही मोडते.

शेवटी कादरभाईंनी वस्तादांकडून किल्ली मागून घेतली. मला टेम्पोत घालून लेथवर नेले, रॉकेलने धुतले, गंज खरवडला आणि नवा बुश ठोकला. वस्ताद शेजारी स्टुलावर मान खाली घालून बसले होते.

"उद्धव, ह्याचा बुश खराब झाला, मी दुसरा टाकला," कादरभाई म्हणाले. "भीमराजच्या खांद्यात कुठला टाकू, सांग. माणसाला देवाच्या कंपनीतून मिळालेला माल जन्मभर पुरवायचा असतो, भावा."

"मग मी काय करू?"

"माझ्या नबीलाला विचारू. ती वाकडला दवाखान्यात हेच काम करते."

नबीला ही कादरभाईंची मुलगी. फिजिओथेरपी शिकलेली. दुखावलेल्या सांध्यांना व्यायाम देऊन पुन्हा कामाला लावणारी. पुढच्या रविवारपर्यंत मी शेडमध्ये परतलो होतो; त्या दिवशी ती कुरुळीला आली. भीमराजलाही बोलावले होते. तिने त्याचे रिपोर्ट पाहिले, हात हळूहळू सगळीकडे फिरवून पाहिला.

"ऑपरेशनची गरज नाही, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही लिहिलंय," ती म्हणाली. "फाटलंय ते थोडं आहे. पण भरून यायला वेळ लागेल, आणि घाई केलीत तर पुन्हा फाटेल." मग ती वस्तादांकडे वळली. "काका, आधी तुम्ही एक बैठक मारून दाखवा. वजन नको, नुसती."

"मी कशाला?"

"हे तुमच्याकडे बघूनच शिकणार ना?"

वस्ताद अर्धे खाली बसले आणि त्यांनी पटकन भिंतीला हात टेकला. नबीलाने त्यांची पँट गुडघ्यापर्यंत सरकवली. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या घट्ट बांधलेल्या होत्या.

"किती वर्षं?"

"सहा," वस्ताद हळूच म्हणाले. "जिना उतरताना उलटा उतरतो."

भीमराज पुढे झाला. "वस्ताद, आम्हाला सांगायचं होतं की."

"कुनाला सांगू? वस्तादाचं गुडघं दुखत्यात म्हनल्यावर हितं कोन आलं असतं?" त्यांनी पँट पुन्हा खाली ओढली. "माझं मी झाकलं न् तुझं मी ऐकलं न्हाई. चूक माझी हाय, भीमराज."

ते वाक्य ऐकून माझ्या मनावरचा गंजही जरा सुटला.

नबीला जमिनीवर बसली आणि तिने दोघांना समजावले. स्नायू उतावळे असतात, दोन-चार महिन्यांत फुगतात. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या ज्या दोऱ्या असतात, त्या सावकाश बळकट होतात, त्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. माणूस स्नायूंचे ऐकून वजन वाढवतो आणि दोऱ्या मागे राहतात. "अंग भरून येणं वेगळं आणि सांध्यात कळ येणं वेगळं," ती म्हणाली. "कळ आली की वजन खाली. मग समोर स्पर्धा असो की वस्ताद असो."

दुसऱ्या दिवशी व्यायामशाळा उघडली, पण माझ्यासाठी नाही. नबीलाने बांबूची एक काठी कोपऱ्यात ठेवली होती. पंचावन्न वर्षांचे वस्ताद आणि पंचविशीतला भीमराज समोरासमोर उभे राहून ती काठी आळीपाळीने वर नेत, खाली आणत. वस्ताद खुर्चीवर बसून उठायचा व्यायाम करत. येणारेजाणारे हसत. कोणी दारातून ओरडे, "काय वस्ताद, पोलीस कवायत का?" मलाही, खरे सांगतो, त्या काठीचा हेवा वाटे.

चार महिन्यांनी भीमराजने मला हात लावला. रिकाम्यालाच. आधी दहा मिनिटे त्याने खांदे, मनगटे, कंबर मोकळी केली. मग त्याने मला हळू वर नेले आणि तितक्याच हळू खाली आणले. कळ आली नाही. तो हसला. मग त्याच भरात त्याने एक मोठी प्लेट उचलून माझ्या टोकाला लावली. वस्तादांनी ती गुपचूप काढली, स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि तिथेच बसून राहिले. भीमराज मागत राहिला. वस्ताद हलले नाहीत. हेच ते वस्ताद, ज्यांना थांबणे ठाऊक नव्हते!

काठी हातात घेतल्यापासून चौदाव्या महिन्यात एका संध्याकाळी दीपमाला विजयश्रीला घेऊन पुन्हा आली. दारातच भीमराजने मुलीला दोन्ही हातांनी उचलले आणि उजव्या खांद्यावर बसवले. मुलीने त्याचे केस घट्ट धरले. दीपमालाने पदराने डोळे टिपले आणि वस्तादांना म्हणाली, "आता ह्यांना घरी लवकर सोडत जा." सगळे हसले, वस्तादसुद्धा.

भीमराजला दुसऱ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये काम मिळाले. तेहतिसाव्या वर्षी तो स्पर्धेत उतरला आणि चौथा आला. पदक हुकले, पण खांदा शाबूत घेऊन घरी परतला, आणि त्याने सगळ्यांना पेढे वाटले. आता तो छत्तीस वर्षांचा आहे आणि शिकवण्याचे काम तोच पाहतो. वस्ताद सहासष्ट वर्षांचे झाले. ते अजून आठवड्यातून तीनदा मला उचलतात आणि जिना सरळ उतरतात.

गेल्या महिन्यातली गोष्ट. भीमराजची आई सुभद्राबाई वर्षापूर्वी गावाहून राहायला आली होती. तिला जमिनीवर बसले की उठता येत नसे. भीमराजने तिला वर्षभर आधी खुर्चीवरून उठायला, मग काठी, मग पाण्याच्या बाटल्या उचलायला शिकवले. त्या दिवशी तिने नऊवारीचा पदर खोचला, पाय रोवले, पाठ सरळ ठेवली आणि दोन ओट्यांवर रिकामाच ठेवलेला मी गुडघ्यांच्या उंचीवरून वर आलो.

"एवढाच व्हय?" ती म्हणाली. "ह्याच्याहून तर आमच्या हिरीवरला हंडा जड व्हता."

सगळे टाळ्या वाजवू लागले. तिने मला आणखी दोनदा उचलले आणि चौथ्यांदा वाकणार, तोच थांबली. "गुडघ्यात जरा चमकलं बाबा," असे म्हणत तिने मला अलगद ओट्यावर टेकवले. कोणी तिला आग्रह केला नाही. ती सतरंजीवर मांडी घालून बसली, पाणी प्यायली, आणि कोणाचाही हात न धरता उठून घरी गेली.

मित्रांनो, माझ्यासारखे दांडे जगात पुष्कळ आहेत आणि आम्हाला कसलीच घाई नसते. तुम्ही मोठे झाल्यावर आमच्याकडे जरूर या. वजनाला भिऊ नका, पण आधी अंग गरम करा, मग रिकामा दांडा उचला. पुढचे वजन सवडीने वाढवा. सांधा बोलला की ऐका, आणि दुसऱ्याचा सांधा बोलला तर त्याला हसू नका. माझे एवढे म्हणणे मानलेत, तर तुमच्या साठाव्या वर्षीही तुमचे हात मला उचलतील, आणि ते हात मला अजून पुष्कळ वर्षे हवे आहेत.