हान्याची भाषा

टिकेश होता तोवर काही अडचण नव्हती. दर रविवारी संध्याकाळी पोलंडहून व्हिडिओ कॉल यायचा. टिकेश मधे बसायचा, आईचं बोलणं बायकोला सांगायचा आणि बायकोचं आईला. त्याच्या मांडीवर बसलेली हान्या आजीकडे बघून हात हलवायची. मग एका संध्याकाळी कामावरून सायकलने घरी परतताना त्याला ट्रकने उडवलं. गावी, दवनीवाड्याला अस्थींचा डबा तेवढा आला. त्याच्या वडिलांनी, चैनलाल पटलेंनी, आपल्या हाताने तो वैनगंगेत रिता केला.

सुनेने, अग्न्येश्काने, रविवारचा कॉल काही बंद केला नाही. पण आता मधे बसणारं कोणी नव्हतं. टिकेशची आई दुलारीबाई पडद्याकडे बघत, ती इकडे बघे. दोघी हसत, मग दोघींचे डोळे भरत आणि फोन ठेवला जाई. फोनवरच्या भाषांतराने एकदा 'जेवलीस का' याचं काय केलं कोण जाणे, हान्या घाबरून आईला बिलगली. चैनलाल तर फोनची घंटी वाजली की उठायचे आणि शेतावर, धानाच्या बांधीकडे निघून जायचे.

"मले हान्याची भाषा शिकाची हाये," दुलारीबाई एक दिवस लेकीला म्हणाल्या. योगेश्वरीला गोंदियातच दिली होती.

"आई, या वयात?"

"काऊन? ते चार सालाची पोरगी बोलून राहिली, मले काऊन नाही येनार?"

दोघी गोंदियाच्या बाजारात गेल्या. पुस्तकांच्या दुकानात योगेश्वरीने विचारलं, तसं दुकानदाराने एक जाडजूड गाईड पुढे सरकवलं. "पुलिस भर्ती का ना? ये नया वाला है."

"पुलिस नहीं भैया, पोलिश. पोलंड की भाषा."

"वहाँ की भी भर्ती निकली है क्या?"

शेवटी योगेश्वरीने ऑनलाइन मागवलं. पुस्तक आलं ते इंग्रजीतून शिकवणारं, आणि दुलारीबाई सातवी शिकलेल्या. योगेश्वरी माहेरी आली की एकेक पान समजावून सांगायची. विमानतळावर काय विचारायचं, हॉटेलात कॉफी कशी मागायची.

"मले कॉफी नाही मागाची," दुलारीबाई म्हणाल्या. "नातीसंग बोलाचं हाये."

व्याकरणाच्या पानाशी योगेश्वरी अडली. "एकच नाव सात तऱ्हेनं बदलते म्हने. काऊन ते काही समजत नाही."

"विभक्ती होय ते," दारातून आवाज आला. चैनलाल पायांतल्या चपला काढत होते. "सातच? आमाले शाळेत आठ होत्या." एवढं बोलून ते आत निघून गेले. दोघी मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग मोबाईलवर एका मुलाचे हिंदीतले व्हिडिओ सापडले. तो पोलंडमध्ये गोदामात काम करायचा आणि इकडून जाणाऱ्या पोरांसाठी शिकवायचा. बोलणं स्वच्छ, एक वाक्य तीनदा म्हणायचा. दुलारीबाई तांदूळ निवडताना ते लावून ठेवायच्या. 'पोद्न्येश पाच्के', खोका उचल. 'उवागा', सांभाळून. गोदामाची का होईना, भाषा हान्याचीच होती.

एका रविवारी कॉल चालू असताना हान्या खुर्चीवर चढली आणि खुर्चीच्या पाठीवर पाय ठेवू लागली. अग्न्येश्का पाठमोरी होती.

"उवागा!" दुलारीबाई ओरडल्या.

हान्या जागच्या जागी थांबली. खाली उतरली. फोनजवळ येऊन आजीचा चेहरा निरखू लागली, जणू भिंतीवरचा फोटो बोलला होता. अग्न्येश्का तोंडावर हात ठेवून हसली आणि हसता हसता रडायला लागली.

त्या आठवड्यात तिने हान्याचं लहानपणचं चित्रांचं पुस्तक पानापानाने फोनवर पाठवलं. प्रत्येक पानासोबत तिच्या आवाजात वाचलेली ओळ. मांजर, चमचा, पाणी, बाबा. यात इंग्रजी कुठे लागतच नव्हतं. दुलारीबाईंनी इतके दिवस जे शोधलं होतं ते हेच होतं. त्या आवाजामागे कधी कधी हान्याचा खोकला ऐकू यायचा, आणि त्या ते पान पुन्हा पुन्हा लावायच्या.

धान कापून झालं होतं. त्या रविवारी चैनलाल बांधीकडे गेले नाहीत. दारामागे उभे राहिले.

हान्याने बाबाबद्दल विचारलं. दुलारीबाई शब्द जुळवत बोलल्या, "ताता बिउ माउई." बाबा लहान होता. त्याला आंबे आवडायचे, हेही त्यांनी सांगितलं. हान्याने पुढचं काही विचारलं ते कळेना, तेव्हा तिने डोळे चोळून रडून दाखवलं. रडायचा का तो?

"ताक, ताक!" हो, हो.

"तलावात पडला होता ते सांग तिले," चैनलाल मागून म्हणाले.

"तलाव नाही शिकली अजून." मग त्यांना पाणी आठवलं. "ताता... वोदा... धपाक्!"

हान्या खदखदून हसली. तिच्या हसण्याला टिकेशसारखाच एक हेल होता. चैनलाल दारामागून पुढे आले आणि फोनसमोर बसले.

हान्याने शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. "बाब्चू, क्येदी प्शियेजेश?"

आजी, तू कधी येणार? दुलारीबाईंना वाक्य एका दमात कळलं. कुणी समजावून द्यावं लागलं नाही. पहिल्यांदाच असं झालं होतं, आणि त्याच क्षणी वाटलं, हे नसतं कळलं तर बरं झालं असतं. आजवर न समजलेल्या कितीतरी बोलण्यांत हा प्रश्न असेल, आणि आपण नुसत्या हसत राहिलो असू.

"न्ये व्येम," त्या म्हणाल्या. माहीत नाही, बाई.

हान्याचा हात खुर्चीवरच राहिला. अग्न्येश्काने तिला जवळ घेतलं. थोड्या वेळाने फोन बंद झाला.

"काय म्हने पोरगी?" चैनलालनी विचारलं.

दुलारीबाईंनी सांगितलं. अंगणात पेंढ्यांचा ढीग पिवळा पडत चालला होता, चैनलाल त्याकडे बघत राहिले.

"पासपोर्टले काय काय लागते," शेवटी ते म्हणाले, "ते योगेश्वरीले विचारजो."