पंगतीतून उठायचं न्हाई

कळमनुरीच्या तहसील कचेरीत पेशकारसाहेबांचे कागदांचे बस्ते उचलायला सोनाजी एक हिवाळा काय राहिला, तिथून पोतंभर तहजीबच, म्हणजे रीतभात, घेऊन आला. गावात ती कुणाला नको होती. मग ते पोतं घरातल्या दोन लेकरांच्या डोक्यावर रिकामं झालं, रुख्मी आणि तिच्या पाठचा ग्यानू.

त्यात थोरल्या लेकीला, नर्मदेला, डोंगरकड्याच्या उत्तमरावांच्या पोराचं स्थळ आलं. घर मोठं, उत्तमराव माणूस मात्र साधा. त्यांनी सांगावा धाडला, "मारुतीच्या देवळात भंडारा हाय. लेकरं घेऊन या, तुमच्या वडलांना, संतरामबुवालाबी आना. सोयरीक करायची का न्हाई, तिथंच बोलू."

झालं! सोनाजीच्या अंगात पेशकार संचारला. आपली माणसं कशी जेवतात यावरच पोरीचं लग्न ठरणार, असं त्यानं मनाशी घट्ट धरलं. रोज ओसरीवर पत्रावळी मांडून कवायत सुरू झाली. मचमच करायची न्हाई. बोटं चाटायची न्हाई. दुसऱ्याच्या पानात बघायचं न्हाई.

"आन् शेवटचा मानूस जेवेस्तोवर पंगतीतून उठायचं न्हाई. उठला तो जनावर! समजलं?"

"व्हय बाबा," लेकरं म्हणायची. हे शिकवताना गुरुजींचं स्वतःचं बोट वरणाच्या द्रोणातून तोंडाकडं निघालेलं असायचं.

"अवो, तहजीब गळून राहिली मिशीवरून," चुलीपासून त्याची बायको द्वारकाबाई म्हणायची. "पुसा जरा."

लेकरांचं निभलं असतं. सोनाजीला घोर होता तो बापाचा. संतरामबुवाच्या तोंडात दात नव्हते, कान गेले होते, हात कापायचा. भाकर कुस्करून खाता खाता वरण दाढीवरून सदऱ्यावर उतरायचं. घरी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पण उत्तमरावांसमोर?

"आबाला काहून गाडीची तकलीफ द्यायची?" सोनाजी म्हणाला.

"तकलीफ त्यायला व्हनार का तुमाला?" द्वारकाबाई म्हणाली. "नाव घेऊन बोलावलंय मामंजींना."

बायकोचं खरं बोलणं सोनाजीला ऐकू यायचं, पटायला मात्र उशीर लागायचा.

डोंगरकड्याला त्यानं आपली हुशारी चालवलीच. स्वतः पंगतीच्या अगदी पुढं बसला. बापाला पार शेवटी खांबाआड बसवलं आणि दोन्ही लेकरं राखणीला दिली. जयजयकार झाला, जेवणं सुरू झाली. उत्तमराव यजमान, ते स्वतः बुंदीचे लाडू वाढत फिरत होते. सोनाजी इतका जपून जेवला की पोट अर्धं रिकामंच राहिलं. मधूनच मान लांब करून बघावं, तर लेकरं कशी शहाण्यासारखी खाली बघून जेवतायत! त्याची छाती फुगली.

उत्तमराव पानाचं तबक घेऊन दाराशी उभे राहिले. आता गर्दी व्हायच्या आत गाठावं म्हणून सोनाजी उठला, सगळ्यांच्या आधी. तो उठला म्हणून बाकीचेही उठले. विडा तोंडात घालून त्यानं नर्मदेचा विषय काढला, तोच मागून वाढप्याची हाक आली.

"उठा की रे लेकरांनो! खरकटं काढायचं हाय."

रुख्मी ठणकावून म्हणाली, "आबा जेवून राहिले. शेवटचा मानूस जेवेस्तोवर उठायचं न्हाई. उठला तो जनावर, असं बाबानं सांगितलंय."

अख्खं देऊळ वळलं. सगळ्यांत आधी कोण उठलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ते जनावर विडा चघळत दारात उभं होतं.

संतरामबुवाला शब्द ऐकू आले नाहीत, पण लोक आपल्याकडं बघतायत एवढं कळलं. त्यानं घाईघाईनं घास गिळला, सदरा पुसला, भरलं पान तसंच सोडून खांबाला धरून उठू लागला. "झालं, झालं माजं," म्हणाला.

लाज, लाज म्हणतात ती ही! लग्न गेलं चुलीत. सोनाजीनं विडा थुंकला, भरभर जाऊन बापाचा दंड धरला आणि त्याला खाली बसवलं. शेजारच्या उष्ट्या पत्रावळीवर स्वतःही बसला.

"बस आबा. मी बी जेवून राहिलो," तो कानाशी ओरडला.

वाढपी भाताची बादली घेऊन धावला. "सोनाजीराव, भूक उरली व्हय?" म्हणत त्यानं पानावर ढीग घातला. लोक खदाखदा हसले. त्या पंचक्रोशीत सोनाजीचं 'दुबार' हे नाव पडलं ते तिथूनच, आणि पुढं तो स्वतःच ते मिटक्या मारत सांगायचा.

उत्तमरावांनी तबक खाली ठेवलं. "विडे थांबवा रे," ते म्हणाले. "आमचे सोयरे जेवून राहिले अजून."

सोयरे! सोनाजीचा घास हातातच राहिला.

बापाला यातलं काहीच कळलं नाही. तो भातावर तुटून पडलेल्या पोराकडं बघत होता. मग त्यानं आपल्या पानातला अर्धा लाडू उचलला, वरणात भिजलेला, आणि कापऱ्या हातानं सोनाजीच्या पानात ठेवला.

"एवढी भूक व्हती तर सांगायचं न्हाई का रे लेकरा? खा."

सोनाजीनं तो लाडू तोंडात कोंबला, बोटंसुद्धा चाटली. रुख्मीनं त्याला कोपरानं ढोसलं.

"बाबा, आवाज करून राहिले तुमी."

तो आवाज खाण्याचा नव्हता. पण सोनाजीनं मान हलवली आणि पुढचा घास घेतला.