एकच शाल

मिलच्या क्लबातल्या पियानोवर मी शिकले. बाबा मिलमध्ये कारकून होते. आज इंदूरला आमच्या वादनाआधी माझा सत्कार मिलच्या जुन्या मालकांनीच ठेवला. शाल एकच आणली होती. वीस वर्षं माझ्याबरोबरीने वाजवणारे तिघे मागे ताटकळत उभे होते.

"सेठजी, आमच्यात कुणी साथीदार नसतो. चौघांचं वादन असतं."

"शोभनाजी, उनका क्या, दूसरे आ जाएंगे."

ब्याण्णवमध्ये बाबांसकट चार हजार माणसं यांनी अशीच घरी बसवली. तोंडाने सांगायचीही तसदी घेतली नाही. सकाळी गेटवर पाटी दिसली.

मी शाल परत केली, पियानो मिटला आणि निमंत्रणपत्रिकेमागे त्याच पाटीवरचं वाक्य लिहून ती झाकणावर ठेवली: "अगली सूचना तक काम बंद है."